ब्रह्मजालसुत्तातील खेळ आणि आपले अंगण

दीघनिकायात एकूण ३४ सुत्ते असून त्यांतील पहिले ब्रह्मजालसुत्त होय. राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यान असलेल्या अंबलट्ठिका येथे ते सांगितले गेले. बासष्ट मिथ्या मतांचे परीक्षण त्यात असल्याने तत्त्वज्ञानाचे अभ्यासक या सुत्ताकडे वळतात आणि आरंभीचा शीलविषयक भाग बहुधा घाईने ओलांडून पुढे जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तेथेच थांबावे. श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन काही श्रमण-ब्राह्मण ज्या खेळांत आपला काळ घालवितात, त्या खेळांपासून श्रमण गौतम अलिप्त आहे, असे सांगत असता तेथे खेळांची नावेच्या नावे येतात. अट्ठपद, दसपद, आकास, परिहारपथ, संतिक, खलिक, घटिक, सलाकहत्थ, अक्ख, पंगचीर, वंकक, मोक्खचिक, चिंगुलिक, पत्ताळ्हक, रथक, धनुक, अक्खरिक, मनेसिक आणि यथावज्ज, अशी ही एकोणीस नावे आहेत. भारतीय खेळांची इतकी सविस्तर आणि इतकी जुनी दुसरी यादी माझ्या पाहण्यात नाही. ज्या मजकुराने भिक्खूंना खेळ वर्ज्य केले, त्याच मजकुराने ते खेळ आपल्यासाठी जपून ठेवले. इतिहासाच्या साधनांत असे पुष्कळदा घडते. मनाई करणाऱ्याला ज्याची मनाई करावयाची त्याचे नाव घ्यावेच लागते.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात दीघनिकायावर सुमंगलविलासिनी ही अट्ठकथा रचली. या नावांचा अर्थ आपणांस तिच्यामुळे कळतो. ती वाचीत असताना मला माझ्या बालपणाचे, बालाघाटाच्या कुशीतले अंगण आठवत राहिले.

घटिक म्हणजे लांब दांड्याने आखूड दांडा टोलवण्याचा खेळ. हा आपला विटी-दांडू. संतिक या खेळात सोंगट्यांचा किंवा खड्यांचा ढीग करून त्यातील एकेक खडा नखाने असा काढावयाचा, की बाकीचा ढीग हलता कामा नये. आमच्या बहिणी फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे रिंगणात टाकून काचापाणी खेळत असत. एक तुकडा बाहेर सरकवताना दुसरा हलला की डाव गेला. परिहारपथ म्हणजे जमिनीवर घरे आखून वर्ज्य रेषा चुकवीत उड्या मारीत जाणे. खापरीचा तुकडा एका पायाने सरकवीत ठिकरी खेळणाऱ्या मुलींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. चिंगुलिक म्हणजे ताडाच्या पानाचे, वाऱ्याने फिरणारे भिरभिरे. पंगचीर म्हणजे पानाची पिपाणी. आम्ही ती पिंपळाच्या पानाची करीत असू. त्याच वृक्षाला बोधिवृक्ष म्हणतात, हे आम्हांला पुष्कळ पुढे कळले. रथक म्हणजे खेळण्यातील गाडी. मोहेंजोदडोच्या उत्खननात मातीच्या लहान बैलगाड्या मिळाल्या आहेत आणि मराठवाड्यातील मुलांनी ज्वारीच्या ताटांचे भेंड व चिपाडे घेऊन त्याच घाटाच्या गाड्या कालपरवापर्यंत केल्या आहेत. वंकक म्हणजे लहान मुलाचा खेळण्यातील नांगर. पत्ताळ्हक म्हणजे पानांची मापे करून धान्य म्हणून माती मोजणे, अर्थात आपली भातुकली.

यातील अट्ठपद म्हणजे आठ गुणिले आठ चौकटींचा पट. पुढे बुद्धिबळाला हाच पट लाभला. आकास हा खेळ त्याहून नवलाचा आहे. त्यात पट नाहीच. दोन्ही खेळाडूंनी तो आकाशात, म्हणजे मनात, धरावयाचा आणि चाली तोंडाने सांगावयाच्या. आज एखादा बुद्धिबळपटू डोळे बांधून खेळला की वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र येते. अडीच हजार वर्षांपूर्वी हा प्रकार इतका रुळलेला होता, की भिक्खूंना त्यापासून दूर राहण्यास सांगावे लागले.

पुरावा केवळ ग्रंथांत आहे असे नव्हे. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, चौकटी आखलेल्या खडकावर बसून खेळणारी माणसे कोरली आहेत. खडक मधोमध दुभंगला आहे. ते शिल्प आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. आपल्या जवळ वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना दाखविले आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या कातळावर खेळांचे पट कोरलेले आढळतात. ते कोणी कोरले, वर्षावासाला आलेल्यांनी, व्यापाऱ्यांनी की पुढच्या काळातील गुराख्यांनी, हा प्रश्न मी वर्गात नेहमी मोकळा ठेवतो. मुलांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. एकाने सांगितले होते, "गुरुजी, पाऊस लागला असंल."

येथे एक शंका साहजिक उभी राहते आणि आपल्या धम्मवर्गात ती विचारलीही गेली आहे. तथागतांनी खेळ वर्ज्य सांगितले, तर बौद्ध शाळेत खेळांचे कौतुक कशासाठी? उत्तर मूळ मजकुरातच आहे. ब्रह्मजालातील नियम श्रमणासाठी आहेत. दुसऱ्याने कष्टून दिलेल्या अन्नावर जगणाऱ्याने आपला वेळ कशात घालवावा, हा तेथील प्रश्न आहे. गृहस्थासाठी तथागतांनी जे सांगितले ते पाहण्यासाठी त्याच निकायातील सिगालोवादसुत्ताकडे जावे लागते. तेथे संपत्तिनाशाची सहा द्वारे सांगितली आहेत : मद्य, अवेळी रस्त्यावर भटकणे, तमाशे-जलसे धुंडाळणे, द्यूत, कुसंगती आणि आळस. यात द्यूत आहे, खेळ नाही. द्यूताचे तोटेही नेमके सांगितले आहेत. जिंकणारा वैर जोडतो, हरणारा धनासाठी झुरतो, असलेले धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि अशा माणसाला कोणी मुलगी देत नाही. मोबाइलवरील रमीने उजाड झालेली घरे आपल्या तालुक्यांतही आहेत. पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. तो वाचताना मला सिगालाची आठवण झाली.

परंतु सहा द्वारांपैकी तिसरे मला अधिक विचार करावयास लावते. तमाशे धुंडाळण्याचा तोटा सांगताना तथागत असे म्हणत नाहीत की नृत्य-गायन वाईट. ते त्या माणसाच्या मनाची अवस्था दाखवितात. कुठे नाच आहे, कुठे गाणे आहे, कुठे वाद्य आहे, कुठे कथा चालली आहे, असे तो सारखे विचारीत हिंडतो. समोर जे चालले आहे ते त्याला पुरत नाही. त्याचे लक्ष पुढच्या ठिकाणी असते. रात्री जेवण झाल्यावर आपला अंगठा काचेवर खालून वर, खालून वर सरकत असतो, तेव्हा त्या सुत्तातील माणूस आपल्याच खाटेवर बसलेला असतो. हे मी विद्यार्थ्यांना उद्देशून लिहीत नाही. गेल्या दिवाळीत माझा सहा वर्षांचा नातू चिंचोके मुठीत धरून माझ्या दानाची वाट पाहत बसला होता आणि मी माजी विद्यार्थ्यांच्या समूहावरील संदेश वाचीत होतो. त्याने तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मारली नाही. त्याने माझे दान स्वतःच टाकले, माझी सोंगटी स्वतःच चालविली आणि मला हरविले. त्यात त्याला आनंद झाला नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

तो खेळ होता अष्टाचंग. काही घरांत त्याला चल्लस-आठ म्हणतात. पाच गुणिले पाच घरांचा पट खडूने किंवा कोळशाने आखावयाचा. चारही बाजूंची मधली घरे आणि मध्यभागचे घर यांवर फुली. फुलीच्या घरात बसलेल्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही. फासे म्हणून कवड्या, त्या नसतील तर चिंचोके मधोमध फोडून त्यांची चार अर्धुके. पांढरी बाजू वर आली की एक. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ आणि या दोन्ही दानांना पुन्हा डाव. सोंगट्या म्हणून बांगडीचा तुकडा, तुरीची काडी, खडा, ज्याला जे मिळेल ते. या साऱ्याला एक रुपयाही लागत नाही. ज्यांच्या घरी रुपया नव्हता त्यांच्या घरीही हा पट होता, म्हणूनच तो टिकला.

आता एक कडू गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. जुन्या खेळांविषयी लिहिणारे पुष्कळ लेखक गावचे अंगण फार गोड करून दाखवितात. ते अंगण सर्वांचे नव्हते. ज्या खेळात एकजण पळतो आणि दुसरा त्याला शिवतो, त्याला मराठीत शिवाशिवी म्हणतात. याच मातीत शिवाशीव हा शब्द ज्या अर्थाने चालत आला, तो या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, गावातील मुले आम्हांला खेळात घेत. परंतु राज्य आलेला एक मुलगा आम्हांला हाताने शिवत नसे. तो बाभळीचा फोक घेऊन पळे आणि फोकाने शिवे. फोक लागला की आम्ही बाद. आम्ही त्याला हाताने शिवलो तर मात्र "ते धरायचं नाही" असा नियम होता. तो नियम कोणी केला हे कोणाला ठाऊक नव्हते. आम्हीही तो मानीत होतो, ही खरी लाज.

हे केवळ आमच्या गावचे नव्हते. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातून आलेले गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याआधी पुण्यात ते खेळत असत, तेव्हा त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलत. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालयाबरोबर एक हॉकी क्लबही चालविला, हे आपण सांगत नाही. तरुणांना जुगार आणि दारूपासून दूर ठेवावे हा त्यामागील हेतू होता. वसतिगृह, वाचनालय आणि खेळाचे मैदान ही तिन्ही एकाच संस्थेच्या एकाच कार्यात आली, याचा अर्थ निवासी शाळा चालविणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. आपल्याकडे वेळापत्रकात अधिकची तासिका बसवावयाची झाली की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. त्या पापात मीही वाटेकरी आहे.

शाळेच्या आवारात फोक होता, घरच्या अंगणात मात्र तो नव्हता. माझे वडील दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आल्यावर दाराशी बसत आणि आम्ही भावंडे त्यांच्या पाठीवर बोटाने अक्षर काढीत असू. त्यांनी ते ओळखावयाचे. ते दुसरीपर्यंत शिकलेले होते. जोडाक्षर काढले की हरत. "आणखी एकदा काढ," म्हणत. अक्खरिक या शब्दाचा अर्थ बुद्धघोषांनी आकाशात किंवा पाठीवर काढलेले अक्षर ओळखण्याचा खेळ असा दिला आहे. हे मी एम.ए.च्या अभ्यासात वाचले तेव्हा ग्रंथालयात काही वेळ पुस्तक मिटून बसलो. वडील अक्षर शिकत होते की खेळत होते, हा भेद मला तेव्हाही करता आला नाही.

घरच्या खेळात आणखी एक पद होते, कच्च्या लिंबूचे. जो फार लहान आहे, ज्याला नियम कळत नाहीत, तो बाद होत नसे. पण त्याला बाहेरही ठेवीत नसत. तो खेळत राही. कोणाला कच्चे लिंबू मानावयाचे, किती दिवस मानावयाचे, आता हा पक्का झाला असे केव्हा ठरवावयाचे, याचा निर्णय खेळणारेच भांडून, रुसून, अखेर एकमताने करीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघातील ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीच्या रीतींचा उल्लेख केला होता. संघात मतदान शलाकांनी, म्हणजे काड्यांनी होत असे. मुलांच्या भांडणात संघाचे विनयपिटक शोधण्याचा अतिरेक मी करणार नाही. तथापि नियम वरून आलेला नसतो, तो आपण सर्वांनी मिळून केलेला असतो आणि म्हणून बदलताही येतो, हे माणसाला प्रथम बहुधा खेळातच कळते. मोबाइलमधील खेळात नियम बदलता येत नाही. तेथे कच्चे लिंबूही नाही. हरलास तर पुन्हा सुरू कर, एवढेच.

विटी-दांडूतील मोजणी हा माझा विशेष आवडता विषय आहे. वकट, लेंड, मुंड, नाल असे मोजीत आम्ही विटी टोलवीत असू. हे शब्द निरर्थक नाहीत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे अंक त्यांत उघड दिसतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता म्हणून हे आले, असे मुले पटकन सांगतात. परंतु हे शब्द संस्थानाच्या बाहेरील महाराष्ट्रातही खेळले जात असल्याने उत्तर एवढे सोपे नाही. राज्यांच्या सीमा बदलल्या, अंक मात्र दांड्यावरून दांड्याकडे जात राहिले.

ही सर्व माहिती पुस्तकांतून आली, असे मी म्हणणार नाही. तिचा निम्मा भाग आपल्या विद्यार्थ्यांनी मला आणून दिला. आपल्या जिल्ह्याचे जीवन ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच समजेल. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते. उसाचा पट्टा पडेल तिकडे, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाजवळ कोपी उभी राहते. मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप, नाहीतर घरात म्हातारे माणूस. मुले आजी-आजोबांजवळ, हंगामी वसतिगृहात किंवा आपल्यासारख्या निवासी शाळेत. म्हणजे या मुलांना आई-वडील मिळतात ते मुख्यतः उन्हाळ्याच्या सुटीत. सारे कुटुंब एका छपराखाली येण्याचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवसांतील संध्याकाळ कशी जाते हे मी घरभेटींत पाहिले आहे. धारूर तालुक्यातील एका घरी मी बसलो होतो. बाप थकून आडवा, हातात मोबाइल. थोरला भिंतीला टेकून, हातात मोबाइल. आई भाकरी थापीत होती आणि धाकटी चुलीशी बसून आईकडे पाहत होती. त्या घरात कोणाचेही काही चुकत नव्हते. सहा महिने पहाटे उठून ऊस तोडलेल्या माणसाने दोन घटका काय पाहावे हे मी त्याला सांगणार नाही. आणि तोच मोबाइल हंगामात त्या मुलीला आईचा चेहरा दाखवितो, हेही विसरता येत नाही.

त्या सुटीनंतर मी आठवीच्या वर्गाला इतिहासाचा स्वाध्याय म्हणून एक काम दिले. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक खेळ शिकून यावयाचा. पट आखून आणावयाचा, नियम लिहावयाचे आणि तो घरातील किमान तिघांनी एकदा तरी खेळलेला असला पाहिजे. ही शेवटची अट मी मुद्दाम घातली. मौखिक इतिहासाचे साधन असे वापरावे लागते. विचारल्यावर आजी "आता काय आठवतंय" म्हणते. चिंचोके हातात दिले की तिचा हात बोलू लागतो. वह्या जमा झाल्या तेव्हा एकाच खेळाचे पाच गावांतले पाच नियम मिळाले. गजग्यांच्या खेळात वर फेकलेला गजगा झेलण्यापूर्वी खालचे दोन उचलावयाचे की एक, यावर वर्गात असा वाद झाला, की तासिका संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

एका वहीत मात्र यथावज्जही होते. यथावज्ज म्हणजे लंगड्या, आंधळ्या, कुबड्या माणसाच्या व्यंगाची नक्कल करण्याचा खेळ. यादीतील हा शेवटचा. मुलाने गावातील एका म्हाताऱ्याच्या चालण्याची नक्कल "खेळ" म्हणून लिहिली होती. मी तो वर्गात वाचून दाखविला नाही. त्या मुलाला बाजूला घेऊन फोकाची गोष्ट सांगितली. जुने म्हणून सारेच जपण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तर निवड करूनच पुढे जावे.

धाकट्या मुलीची वही सर्वांत शेवटी आली. धारूरच्या त्याच घरातील ती. तिने गजगे लिहिले होते. आईने तिला सलग तीनदा हरविले, अशी नोंद होती आणि पुढे लिहिले होते की कोयत्याने आईच्या तळहाताला घट्टे पडले आहेत, गजगा त्यावर "टक्क" वाजतो. वडिलांना नियम येत नव्हते म्हणून त्यांना कच्चे लिंबू केले.

त्या वर्षी टोळी दिवाळीच्या पाडव्यानंतर गेली. रविवारी वसतिगृहाच्या फोनवर प्रत्येक मुलाला पाच मिनिटे बोलता येते. त्या मुलीच्या पाळीला मी शेजारच्या खोलीत हजेरीपट भरीत होतो. नेहमीचे "जेवलीस का, ताप गेला का" झाले. मग तिने विचारले, "आई, माझ्या मनात काय हाय, वळख. घरातली वस्तू हाय." पलीकडून फडातल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. आईने पाटा म्हटले, उखळ म्हटले, मग कणगी. मुलगी दर वेळी हसून "न्हाय" म्हणत होती. मनेसिक, म्हणजे मनातले ओळखण्याचा खेळ, यादीत अठरावा आहे. पाच मिनिटे संपली, पुढचा मुलगा येऊन उभा राहिला, तरी आईला ते ओळखता आले नव्हते. "पुढल्या आइतवारी सांगते," म्हणून मुलीने फोन ठेवला.